रिटर्नचा ढीग पुन्हा पुन्हा का साचतो? गोदामात काय तपासावं, कोणत्या क्रमाने

भिवंडीच्या मानकोली–दापोडा पट्ट्यातल्या गोदामांत मी बरीच वर्षं रिटर्नचं काम बघतोय. कुर्ती, बेडशीट, मिक्सर, मोबाईलची अॅक्सेसरी असा ऑनलाइन विकला जाणारा माल. मालक बदलतात, माल बदलतो, पण बोलावणं येतं ते ठरलेल्या वाक्याने: "रिटर्नचा ढीग हटत नाही, जागा पुरत नाही, अजून एक गाळा बघावा लागेल." प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर जागेची अडचण क्वचितच निघते. परत आलेलं पार्सल हातात घेतल्यावर त्याचं काय करायचं हे ठरवणारं कुणी नसतं. म्हणून ते बाजूला ठेवलं जातं, आणि अशा बाजूला ठेवलेल्या पार्सलांचा ढीग होतो. गाळा घेतलात तर सहा महिन्यांत तोही भरतो. असा भरलेला दुसरा गाळा मी पाहिलेला आहे.

आधी लक्षणं

- शटरजवळ किंवा जिन्याखाली कुरिअरची पोती न उघडता पडून आहेत, आणि सगळ्यात खालचं पोतं कधी आलं ते कुणालाच सांगता येत नाही.
- कॉम्प्युटरवर एल साइजचे 14 नग दिसतात, रॅकवर 9 सापडतात. किंवा माल रॅकवर आहे आणि पोर्टलवर, म्हणजे ज्या साइटवरून माल विकता तिथे, 'आउट ऑफ स्टॉक' दिसतंय.
- शिवण उसवलेली कुर्ती एका गिऱ्हाइकाकडून परत आली, ती तशीच दुसऱ्याला गेली आणि पुन्हा परत आली.
- बदललेला किंवा फुटलेला माल मिळाल्याचा क्लेम (पोर्टलकडे भरपाईची मागणी) टाकायला गेलं की मुदत उलटून गेलेली असते.
- कुरिअरवाले म्हणतात पार्सल दिलं, सही तुमच्याच माणसाची आहे, आणि पार्सल कुठेच नाही.
- महिनाअखेर पोर्टलच्या सेटलमेंटचा, म्हणजे पोर्टलने हिशोब करून दिलेल्या पैशांचा आकडा आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला आकडा जुळत नाही.

यातलं एकच लक्षण असेल तर थेट त्या तपासणीकडे जा. तीन-चार एकत्र असतील तर पहिल्यापासून क्रमाने जा. खालचा क्रम मी खर्चाप्रमाणे लावलाय. सुरुवातीच्या तपासण्यांना मार्कर आणि खडू सोडून काही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गोदामांचं दुखणं तिथेच सापडतं.

1. ढिगाचं वय मोजा

आज येणाऱ्या प्रत्येक पोत्यावर जाड मार्करने तारीख टाका. जुन्या ढिगातली पार्सलं एकदा मोजा. मग रोज सरासरी किती रिटर्न येतात त्या आकड्याने ढिगाला भागा. ढिगात 1,900 पार्सलं आणि रोजची आवक 130 असेल, तर प्रत्येक पार्सल तुमच्याकडे साधारण पंधरा दिवस नुसतं पडून राहतंय. हा आकडा एवढ्यासाठी काढायचा की 'ढीग मोठा आहे' म्हणून कुणी हलत नाही, पण 'गिऱ्हाइकाला पैसे परत गेले आणि आपला माल पंधरा दिवस विकायला नाही' हे कळलं की मालक स्वतः खाली उतरतो.

दुसरा हिशोब याच कागदावर करा. एक पार्सल उघडून, तपासून, नोंद करून जागेवर लावायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून पाहा. कपड्याला चार मिनिटं लागली तर आठ तासांत एक माणूस 120 पार्सलं करतो. 130 येत असतील तर दिवसाला दहा मागे पडणार, महिन्याला अडीचशेच्या वर. एवढ्याने पंधरा दिवसांचा ढीग इतक्या लवकर होत नाही, मग उरलेली गळती कुठे आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं. दुपारी पिकअपची गाडी लागायची वेळ झाली की रिटर्नचा माणूस उचलून पॅकिंगला लावतात. आठ तासांचा माणूस कागदावर असतो, रिटर्नच्या टेबलावर तो चारच तास बसतो.

उपाय फुकटचा आहे. रिटर्नचं काम सकाळी गोदाम उघडल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत ठेवा, आणि त्या वेळात त्या माणसाला हात लावायचा नाही असं सुपरवायझरला स्पष्ट सांगा. आवक त्याच्या आवाक्याबाहेर असेल तर सकाळीच दुसरा माणूस जोडीला द्या.

2. दारातली मोजणी

कुरिअरचा पोरगा घाईत असतो. तो पोतं टाकतो, मोबाईल पुढे करतो, ओटीपी किंवा सही घेतो आणि निघतो. पोत्यावर 40 लिहिलेलं असतं, आत 38 निघतात, आणि हे कळतं तिसऱ्या दिवशी. तोवर तुमची सही 40 वर झालेली असते, म्हणून त्या दोन पार्सलांचे पैसे गेले.

नियम एकच ठेवा: मोजल्याशिवाय सही नाही. त्याच्यासमोर पोतं ओता आणि प्रत्येक पार्सलचा एडब्ल्यूबी नंबर (लेबलवरचा कुरिअरचा नंबर) स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर मोबाईलवरच्या बारकोड अॅपने स्कॅन करून नंबर एक्सेलमध्ये टाकता येतात. कमी निघालं तर त्याच्या शीटवर 'दोन कमी' लिहून, नंबर टाकून मगच सही करा. पार्सल फाटलेलं किंवा भिजलेलं असेल तर तेही तिथेच लिहा. सुरुवातीला पोरं कुरकुरतात. त्यांना पाणी विचारा, बसायला खुर्ची द्या, आणि रोज ठरलेल्या वेळी या म्हणून सांगा. आठवड्याभरात सवय होते.

थर्मल लेबलचं एक पाहा. हे छापील कागद उष्णतेने काळे पडतात आणि उन्हात पुसट होतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पंधरा दिवस पडलेल्या पार्सलांचे बारकोड मी वाचता न येण्याइतके गेलेले पाहिलेत. बारकोड गेला की ते पार्सल कोणत्या ऑर्डरचं हे शोधण्यात वीस मिनिटं जातात. म्हणून ज्या दिवशी आलं त्याच दिवशी स्कॅन, उघडायला उद्या लागला तरी चालेल. पावसाळ्यात पोती जमिनीवर ठेवू नका, लाकडी पॅलेटवर ठेवा. इथल्या गोदामांत शटरखालून पाणी येतं हे इथे काम करणाऱ्याला सांगायला नको.

3. आरटीओ आणि गिऱ्हाइकाचं रिटर्न वेगळं करा

या दोन्हींचा एकच ढीग हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे. आरटीओ म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचता परत फिरलेलं पार्सल. पत्ता सापडला नाही, फोन लागला नाही, कॅश ऑन डिलिव्हरीला नको म्हणाले. हा माल बहुतेक वेळा जसा गेला तसाच येतो. गिऱ्हाइकाने घेऊन, उघडून परत पाठवलेला माल मात्र प्रत्येक नगाला बारकाईने तपासावा लागतो.

दोन्ही एकत्र असले की तीस सेकंदांचं पार्सल चार मिनिटांच्या पार्सलामागे रांगेत उभं राहतं. दारात स्कॅन करतानाच दोन वेगळ्या क्रेटमध्ये टाका. आरटीओचं काम आधी उरका, कारण तो माल त्याच संध्याकाळी पुन्हा विक्रीला जाऊ शकतो.

मात्र आरटीओ न बघता रॅकवर लावू नका. टेपवर टेप लावलेली आहे का, फ्लॅप उचकटून पुन्हा चिकटवलाय का, हे पाहा. आणि वजन करा. पाठवताना 320 ग्रॅम भरलेलं पार्सल 140 ग्रॅमचं परत आलं तर ते कॅमेऱ्याखालीच उघडायचं. वजनकाटा तुमच्या पॅकिंग टेबलावर आहेच, फक्त तो रिटर्नलाही वापरा.

4. टेबल, उजेड, कॅमेरा

इथून थोडा खर्च लागतो, तोही हजारांतला. रिटर्न जमिनीवर बसून उघडत असाल तर ते थांबवा. कमरेइतक्या उंचीचं टेबल, त्यावर पांढरा प्लायवूड किंवा सनमायका, आणि वर पांढऱ्या उजेडाची ट्यूब घ्या. पिवळ्या उजेडात क्रीम रंगाच्या कुर्तीवरचा फाउंडेशनचा डाग दिसत नाही, मी प्रत्यक्ष पाहिलंय. तोच नग ट्यूबखाली धरला की कॉलरच्या आतल्या बाजूला बोटभर तपकिरी रेघ दिसते.

टेबलावर वर पक्का बसवलेला एक कॅमेरा हवा. हातात मोबाईल धरून काढलेला व्हिडिओ हलतो, लेबल दिसत नाही, आणि क्लेम नाकारला जातो. व्हिडिओ एकसलग असावा: बंद पार्सलच्या सहा बाजू, लेबल वाचता येईल इतकं जवळून, मग कापणं, मग आतला माल आणि त्याचा टॅग किंवा सीरियल नंबर. मध्ये कट नको. फाइलला एडब्ल्यूबी नंबरचंच नाव द्या, म्हणजे शोधायला दोन सेकंद लागतात.

क्लेमची मुदत प्रत्येक पोर्टलची वेगळी असते आणि ती बदलत राहते. तुमच्या सेलर पॅनलवर आज लिहिलेली मुदत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवा. महिन्यातून एकदा ती बदललीय का ते पाहा.

काय तपासायचं हे मालाप्रमाणे ठरतं. ज्या ताईंकडून मी कुर्त्यांची तपासणी शिकलो त्या आधी नग नाकाशी नेत. परफ्यूम, घाम, साबण यातला कुठलाही वास आला की तो वापरलेला. मग काखेची शिवण, कॉलर, खालची पट्टी, आणि शेवटी टॅगचा दोरा. टॅग काढून पुन्हा लावला असेल तर दोऱ्याची गाठ वेगळी दिसते. हे सगळं त्या दीड मिनिटात करायच्या. मिक्सरला क्रम वेगळा: सीरियल नंबर बिलाशी जुळवणं, जारचं झाकण, झाकणाचा रबरी वायसर, खालचा कपलर, मग जारला मसाल्याचा वास. वायसर नसलेला मिक्सर पूर्ण दिसतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून हमखास परत येतो.

5. निर्णय त्याच टेबलावर

ढीग इथेच साचतो, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. तपासणाऱ्या माणसाच्या पायाशी चार क्रेट ठेवा. हिरव्यात थेट पुन्हा विक्रीचा माल, निळ्यात धुऊन, इस्त्री करून किंवा नवीन पिशवी घालून विकण्यासारखा, पिवळ्यात पुरवठादाराला परत किंवा क्लेमचा, लाल क्रेटमध्ये विकता न येणारा. उघडलेला नग टेबलावरून उतरताना चारपैकी एकाच क्रेटमध्ये उतरला पाहिजे. 'नंतर बघू' असा पाचवा क्रेट ठेवू नका. तो ठेवला की चार दिवसांत सगळा माल त्यातच जातो.

माणूस निर्णय का घेत नाही? कारण चुकलं तर बोलणी त्यालाच बसतात. एका गोदामात तपासणारा पोरगा हुशार होता, हात चालत होता, तरी प्रत्येक तिसरा नग बाजूला ठेवायचा. विचारलं तर म्हणाला, "शेठना विचारल्याशिवाय लाल डब्यात कसं टाकू?" आणि शेठ आठवड्यातून एकदा यायचे. आम्ही त्याला लेखी मर्यादा दिली: 600 रुपयांपर्यंतच्या नगाचा निर्णय त्याचा, कुणी जाब विचारणार नाही. त्यावरचे नग रोज संध्याकाळी सुपरवायझर बघेल. सोबत तपासणीच्या टेबलावर फोटो चिकटवले, हा डाग निळ्यात, हा डाग लालमध्ये. अठरा फोटो होते. दहा दिवसांत बाजूला ठेवणं जवळपास बंद झालं. पोरगा तोच होता, टेबलही तेच होतं.

निळ्या क्रेटला मात्र मुदत घाला. शुक्रवारी संध्याकाळी तो रिकामा झालाच पाहिजे. धुवायचा, इस्त्रीचा माल साठवून ठेवला की नवीन नावाने जुनाच ढीग उभा राहतो.

6. नोंद आधी की रॅक आधी

स्टॉक जुळत नसेल तर एवढंच पाहा: परत आलेला नग सिस्टिममध्ये कधी वाढतो? काही ठिकाणी पार्सल दारात आल्याबरोबर स्टॉक वाढतो, माल मात्र चार दिवस पोत्यात असतो. पोर्टलवर ऑर्डर येते, पॅकिंगवाल्याला नग सापडत नाही, ऑर्डर रद्द होते आणि दंड बसतो. काही ठिकाणी उलटं, माल रॅकवर जातो आणि नोंद संध्याकाळी 'एकदम करू' म्हणून राहून जाते.

नग रॅकच्या खणात ठेवला, खणाचा बारकोड स्कॅन केला, त्याच क्षणी स्टॉक वाढला, हाच क्रम ठेवा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खणाची सोय नसेल तर परत आलेल्या मालासाठी कॉम्प्युटरवर वेगळं गोदाम उघडा, टॅलीतही हे करता येतं, आणि हिरव्या क्रेटमधला माल रॅकवर चढल्यावरच मुख्य गोदामात वळवा.

7. कारणं वाचा

हे कुणीच करत नाही, म्हणून आग्रहाने सांगतो. पोर्टलवर गिऱ्हाइकाने निवडलेल्या कारणावर विसंबू नका, तपासणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं कारण वेगळं लिहावं. 'साइज बसत नाही' असं शंभर जणांनी लिहिलं आणि तुमच्या टेबलावर टेपने मोजल्यावर एक्सएलची छाती 42 ऐवजी 40 निघाली, तर चूक शिवणाऱ्याकडची आहे, आणि ती लॉट बदलेपर्यंत रोज परत येणार. दर सोमवारी सगळ्यात जास्त परत आलेले पाच नग काढा आणि प्रत्येकाचा एक नमुना टेपसकट खरेदी बघणाऱ्याच्या टेबलावर ठेवा. त्यानंतर येणारी पोतीच कमी होतात.

8. वही आणि जीएसटी

सेटलमेंट जुळत नसेल तर प्रत्येक रिटर्नच्या मूळ बिलाला क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून वजा करणारा कागद) जोडलेली आहे का ते तपासा. महिन्याची एक ठोक नोट काढू नका. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलल्याने हे आणखी महत्त्वाचं झालं. 22 तारखेच्या आधी 1,400 रुपयांची कुर्ती 12 टक्क्यांत विकली गेली, नंतर तोच दर 5 टक्के झाला. आधी विकलेली कुर्ती ऑक्टोबरात परत आली तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघते. मूळ बिल सापडलं नाही तर तिथेच घोळ होतो.

एका आर्थिक वर्षातल्या विक्रीच्या क्रेडिट नोटचा कर कमी करून घ्यायला पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंतची मुदत असते, वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंतच. दिवाळीच्या गर्दीत हे राहून जातं. लाल क्रेटमधला माल नष्ट केला किंवा खात्यातून काढून टाकला तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट) उलटवावं लागतं, म्हणून त्याची यादी आणि फोटो ठेवा. याच्या पुढे स्वतः डोकं चालवू नका. नोटीस आली असेल, मागच्या वर्षाचे आकडे बदलायचे असतील, किंवा लाल मालाची रक्कम मोठी असेल तर तिथे थांबा आणि सीएला बोलवा.

9. सॉफ्टवेअर आणि जागा

हे मुद्दाम शेवटी आहे. वरची आठ कामं महिनाभर नीट चालवूनही आवक तुमच्या माणसांच्या हाताबाहेर असेल, किंवा तीन-चार पोर्टलचा स्टॉक हाताने जुळवावा लागत असेल, तर गोदामाचं सॉफ्टवेअर घ्या. ते बसवायला माहीतगार माणूस लागतो, नग आणि खण यांची यादी आधी स्वच्छ करून घ्यावी लागते. निर्णयाचे नियम कागदावर नसताना सॉफ्टवेअर घेतलं तर तोच ढीग आता स्क्रीनवर 'पेंडिंग' म्हणून दिसतो.

साचलेला ढीग कसा उपसायचा

आजपासूनची आवक रोजच्या रोज संपवायची, जुन्याला दिवसाचे दोनच तास. आणि जुन्यात आधी सगळ्यात नवीन पोतं उघडा. सगळ्यांना वाटतं जुनं आधी काढावं. पण जुन्या पार्सलांच्या क्लेमची मुदत केव्हाच गेलेली असते, अलीकडच्यांची अजून बाकी असते. जुन्यापासून सुरू केलंत तर तिथे पोहोचेपर्यंत नव्यांचीही मुदत जाते. जुनं पोतं आणखी आठ दिवस थांबलं तर फारसं बिघडत नाही, अपवाद फक्त भिजलेल्या पोत्याचा. ते आजच उघडा.

इथे थांबा, माणूस बोलवा

पॉवर बँक किंवा बॅटरीचा नग फुगलेला, गरम किंवा गोडसर वास येणारा असेल तर तो उघडू नका, दाबू नका, चार्जिंगला लावून तर मुळीच पाहू नका. लोकांना बाजूला करून तो पुठ्ठ्यांपासून लांब, उघड्यावर, कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत ठेवा आणि अधिकृत ई-कचरा उचलणाऱ्याला बोलवा. धूर दिसला तर हात लावायचा नाही, सगळ्यांना बाहेर काढून 101 ला फोन करा.

मिक्सर किंवा इस्त्री लावल्यावर शॉक बसला तर गोदामात खोलून दुरुस्ती करू नका, लाल क्रेटमध्ये टाकून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. गादी, उशी, बेडशीटमध्ये ढेकूण दिसले तर ते पोतं प्लॅस्टिकमध्ये बांधून बाहेर न्या आणि त्याच दिवशी पेस्ट कंट्रोलला बोलवा. रिटर्नच्या वजनाने रॅकचा खांब वाकला असेल तर खाली कुणाला उभं राहू न देता वरून माल उतरवा, आणि रॅक बसवणाऱ्याने पाहिल्याशिवाय त्यावर पुन्हा काही चढवू नका. एकाच पिनकोडवरून किंवा एकाच मार्गावरून वारंवार रिकामी, दगड भरलेली पार्सलं येत असतील तर कुरिअरच्या पोरावर ओरडून उपयोग नाही. व्हिडिओ, वजनाच्या नोंदी आणि एडब्ल्यूबीची यादी एकत्र करून आधी पोर्टलला लेखी द्या, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवून पोलिसांत तक्रार करा.